पोट, झोप, हिशोब आणि लोक: पहिल्या मॅरेथॉनआधीच्या धास्तीचं एक प्रकरण

हे प्रकरण प्रातिनिधिक आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातून पहिल्यांदा ४२.१९५ किलोमीटर धावायला निघालेल्यांच्या ज्या तक्रारी पुन्हापुन्हा ऐकू येतात, त्या इथं एकाच धावपटूच्या नावावर मांडल्या आहेत. ग्रॅम, मिलिलिटर आणि मिनिटांचे आकडे तिच्या वजनावरून आणि वेगावरून काढलेले आहेत. वाचणाऱ्याने ते जसेच्या तसे उचलू नयेत, किलोमागचा आकडा आपल्या वजनाने गुणून घ्यावा.

धावपटू ४१ वर्षांची. वडगावात राहणारी, मराठी माध्यमाच्या हायस्कुलात शिकवणारी, वजन ५६ किलो. शाळेत सगळे ‘बाई’ म्हणतात, तेव्हा इथंही बाईच म्हणू. धावण्याचा अनुभव तीन वर्षांचा, अर्धमॅरेथॉनची सर्वोत्तम वेळ २ तास १० मिनिटं. पुढचं लक्ष्य जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारची मुंबई मॅरेथॉन.

आधी घडलं ते असं. पावसाळ्यातल्या एका अर्धमॅरेथॉनच्या आदल्या रात्री बाईंना झोप लागली नाही. पहाटे दुधाचा चहा आणि पोहे खाल्ले. सुरू होण्याआधी तीनदा शौचाला जावं लागलं, आणि घशाला कोरड पडते म्हणून तासाभरात दीड लिटर पाणी प्यायलं गेलं. त्यांचा नेहमीचा वेग किलोमीटरला ६:१०, पण पहिले तीन किलोमीटर ५:३० ने गेले. नवव्या किलोमीटरला बरगडीखाली कळ आली, मळमळ सुरू झाली, चौदाव्यापासून चालणं. वेळ २:४१. बाईंचं निदान एका वाक्याचं होतं: “मला टेन्शन सोसत नाही.”

निदान तिथंच चुकलं होतं. ‘टेन्शन’ या एका शब्दाखाली चार वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या होत्या आणि चौघींवर एकच उपाय शोधला जात होता. कुणी प्राणायाम सांगे, कुणी देवाचं नाव घ्यायला सांगे, कुणी अर्धी गोळी. या प्रकरणातला सगळा उपयोगाचा भाग म्हणजे ती गाठ सोडवणं.

आधी डॉक्टर

धडधड, हाताला कंप, झोप उडणं, वारंवार शौच ही लक्षणं धास्तीची आहेत, तशीच वाढलेल्या थायरॉइडचीही आहेत. धडधड आणि लवकर लागणारा दम रक्तक्षयातही असतो, आणि चाळिशीतल्या स्त्रीमध्ये हिमोग्लोबिन कमी निघणं काही विशेष नाही. म्हणून मनाच्या वाटेला जाण्याआधी टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी), हिमोग्लोबिन आणि ईसीजी करून घेतला. तिन्ही ठीक निघाले. धावताना छातीत दुखणं, भोवळ येऊन पडणं, ठोका चुकल्यासारखं होणं किंवा जवळच्या नात्यात कुणी तरुण वयात अचानक हृदयविकाराने गेलेलं असणं, यातलं काहीही असेल तर पुढचं वाचत बसू नये. आधी हृदयरोगतज्ज्ञ.

गोळ्यांबद्दल स्पष्ट बोललेलं बरं, कारण त्या विचारल्या जातात. हाताचा कंप थांबवण्यासाठी भाषणाआधी काही जण प्रोप्रानोलॉल घेतात. ते हृदयाचा वेग वरून दाबतं, त्यामुळे लांब पल्ल्याला तीच ताकद कमी पडते. झोपेसाठी अल्प्राझोलामसारखी गोळी घेतली तर पहाटे दोनला उठल्यावर गुंगी उतरलेली नसते. आणि ‘पाय दुखू नयेत म्हणून आधीच’ घेतलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक पाणी कमी पडलेल्या शरीरात मूत्रपिंडावर भार टाकते. तिन्ही नाहीत. कुणाला आधीपासून डॉक्टरांनी दिलेलं औषध चालू असेल, तर ते आपल्या मनाने बंदही करायचं नाही.

गाठ सोडवणं

शर्यतीला आठ आठवडे असताना बाईंना एक साधं काम दिलं: सात दिवस वही जवळ ठेवायची, शर्यतीचा विचार येऊन पोटात गोळा आला की एक ओळ लिहायची. किती वाजता, नेमकं काय डोक्यात आलं, अंगात कुठं जाणवलं, आणि धास्ती ० ते १० मध्ये किती. ‘खूप’, ‘थोडी’ असले शब्द चालणार नाहीत, आकडाच हवा.

वही वाचल्यावर नोंदी आपोआप चार ढिगांत पडल्या. पहिला ढीग पोटाचा: वाटेत शौचाला लागलं तर? दुसरा झोपेचा. तिसरा हिशोबाचा: वेळेत पूर्ण होईल का, मधल्या कट-ऑफला, म्हणजे ठरलेल्या वेळेत गाठायच्या टप्प्याला, अडवून गाडीत बसवलं तर? चौथा लोकांचा, आणि तो सगळ्यांत उंच होता. गल्लीतल्या मंडळाने फ्लेक्स लावायचं ठरवलं होतं. शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मुख्याध्यापकांनी आगाऊ अभिनंदन टाकलं होतं. धास्तीचे ८ आणि ९ असे आकडे जवळजवळ सगळे याच ढिगात होते, आणि बाईंनी त्याचा उच्चार आधी एकदाही केला नव्हता.

मग लक्षात येतं की श्वासाचा व्यायाम फ्लेक्सवर चालत नाही आणि फ्लेक्स नाकारून पोट सुधारत नाही.

पोट

धास्ती वाढली की अ‍ॅड्रिनॅलिन वाढतं, रक्त पचनसंस्थेकडून स्नायूंकडे वळतं, जठर रिकामं व्हायला वेळ लागतो आणि मोठ्या आतड्याची हालचाल मात्र वाढते. वर अडकलेलं आणि खाली घाई, अशी ती अवस्था. हे सगळ्यांना होतं. फरक पडतो तो त्या वेळी पोटात काय आहे, यावर.

मुंबई मॅरेथॉनचा आठवडा नेमका संक्रांतीचा. भोगीला पावटा, हरभरा, वांगी, गाजर घातलेली लेकुरवाळी भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, नंतर घरोघरी हळदीकुंकू आणि तिळगूळ. आहार म्हणून उत्तम, पण शर्यतीआधीच्या दोन दिवसांत त्यातला जवळजवळ प्रत्येक घास वायू किंवा चोथा वाढवणारा. भोगी १३ किंवा १४ तारखेला येते, शर्यत १५ ते २१ च्या दरम्यान. मधलं अंतर किती दिवसांचं आहे ते कॅलेंडरात बघून ठरवावं. चार दिवस असतील तर भोगीची भाजी खुशाल खावी, दोन असतील तर चवीपुरती. बाईंच्या वर्षी ते पुरेसं होतं, त्यामुळे सासूबाईंचं मन मोडावं लागलं नाही.

शुक्रवार आणि शनिवार मात्र ठरलेले होते. मऊ भात, पातळ वरण, दहीभात, साखर घातलेली पेज, पिकलेली केळी, चुरमुरे, बटाट्याची साधी भाजी. कडधान्य, कोशिंबीर, ज्वारी-बाजरी, शेंगाचटणी, मिरचीचा ठेचा बंद. शेवटच्या ३६ ते ४८ तासांसाठी क्रीडापोषणात किलोमागे ८ ते १२ ग्रॅम कार्बोहायड्रेट सांगतात. ५६ किलोला खालचा आकडा धरला तरी ४४८ ग्रॅम रोज. शिजलेल्या १०० ग्रॅम भातात साधारण २८ ग्रॅम असतात, म्हणजे नुसत्या भातावर दीड किलोच्या वर जातं. ते कुणाला शक्य नाही, म्हणून सरबत, केळी आणि गूळ-चुरमुरे अधूनमधून. बाईंना ६ ते ७ ग्रॅमच्या वर जमलं नाही. तेवढ्यावर थांबवलं, कारण जबरदस्तीने कोंबलेला घास शर्यतीत परत येतो.

इथं एक गंमत कायम होते. शनिवारी वजन किलोभर वाढलेलं दिसतं आणि धावपटू हबकतो. शरीरात साखर ग्लायकोजेन म्हणून साठते, आणि साठवलेल्या त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी अंगात धरलं जातं, एवढंच ते आहे. तरी शुक्रवारनंतर वजनकाट्यावर उभं राहू नये, हा नियम घातलेला बरा.

पहाटेचा नाश्ता किलोमागे दीड ग्रॅम, म्हणजे ८४ ग्रॅमच्या आसपास: पांढऱ्या ब्रेडच्या दोन स्लाइस, त्यावर चमचाभर मध, एक मोठं केळं, आणि उरलेलं साखरेच्या काळ्या कॉफीतून व थोड्या चुरमुऱ्यांतून. पोहे आणि उप्पीट दोन्ही तेल-फोडणीमुळे बाद. दुधाचा चहा बाद झाला तो दुसऱ्या रंगीत तालमीत. येळ्ळूरच्या रस्त्यावर आठव्या किलोमीटरला त्याचा निकाल लागला.

कॉफीचा प्रश्न नाजूक. किलोमागे ३ मिलिग्रॅम कॅफिनने दमसासाला मदत होते हे चांगलं माहीत आहे, म्हणजे बाईंना १६८ मिलिग्रॅम. पण त्याच कॅफिनने कंप आणि धडधडही वाढते, आणि आधीच ८ वर असलेल्या माणसाला ती धडधड ‘काहीतरी बिघडलंय’ असं सांगते. बाईंना रोज दोन कप चहाचीच सवय. म्हणून सुरुवातीआधी फक्त अर्धा कप, आणि कॅफिनवालं जेल (धावताना घ्यायचं गोड, दाट मिश्रण) २५ किलोमीटरनंतर, तेही लाँग रनमध्ये, म्हणजे सरावातल्या लांब धावेत, दोनदा पचवून पाहिल्यावर.

पाणी किलोमागे ५ ते ७ मिलिलिटर, म्हणजे उठल्याबरोबर ३५० मिलिलिटरचा एक पेला. त्यानंतर फक्त घोट. कोरड पडते ती अ‍ॅड्रिनॅलिनने लाळ कमी झाल्यामुळे, शरीरात पाणी कमी असतंच असं नाही. चूळ भरून थुंकली तरी भागतं. मागच्या वेळचं दीड लिटर हे नुसतं लघवीच्या घाईपुरतं प्रकरण नव्हतं. चार-पाच तास धावणाऱ्याने असंच पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम खाली जातं, आणि त्यात उलटी, भ्रम, झटके येऊन माणूस दगावूही शकतो. तहान लागेल तसं प्यायचं.

झोप, आणि गाडी

बेळगावच्या धावपटूचा निम्मा प्रश्न इथं आहे. मुंबई म्हणजे रात्रभराचा प्रवास. बहुतेक जण शुक्रवारी रात्री स्लीपर बसमध्ये चढतात, शनिवारी सकाळी उतरतात, बिब (छातीवर लावायचा नंबर) घ्यायला धावतात आणि रविवारी पहाटे दोनला उठतात. दोन रात्री गेल्या. शनिवारची रात्र जवळजवळ सगळ्यांचीच जाते, तिचं फार वाईट वाटून घेऊ नये. एका रात्रीच्या अपुऱ्या झोपेने पायांतली ताकद फारशी कमी होत नाही, श्रम जास्त वाटतात एवढंच. त्यामुळे राखायची ती शुक्रवारची रात्र.

म्हणून बाईंनी गुरुवारी रात्रीची रेल्वे धरली आणि शुक्रवार, शनिवार आणि सोमवारची रजा डिसेंबरातच मंजूर करून घेतली. रजेचा अर्ज शेवटच्या आठवड्यात टाकणं हा धास्तीचा एक स्वतंत्र झरा आहे, आणि तो अगदी फुकटचा. बिब शुक्रवारी दुपारीच हातात. शर्यतीच्या दिवशी बिब मिळत नाही, मूळ ओळखपत्र लागतं.

मुक्कामावरून मात्र घरात कुरबुर झाली. वन्सं डोंबिवलीला. “घर असताना लॉजवर?” हा प्रश्न येणारच होता. डोंबिवलीहून रविवारी पहाटे चारच्या आत शर्यत सुरू होते ते सीएसएमटी गाठायचं म्हणजे रात्रभर गाडीचीच काळजी. यावर युक्तिवाद करण्यात अर्थ नसतो. बाईंनी महिनाभर आधी स्वतः फोन केला: “वन्सं, शर्यत पहाटे पाचला, म्हणून दोन रात्री तिथंच जवळ झोपते. रविवारी संध्याकाळी तुमच्याकडंच जेवायला येते, सोमवारी रात्री तिथूनच गाडी.” नकार ऐकू येण्याआधी जेवणाचा वार ऐकू गेला, आणि विषय मिटला. खोली स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांवर घेतली.

शनिवारी रात्रीचे नियम तीन. आठला आडवं व्हायचं. गजर दोन फोनवर लावून फोन हात पुरणार नाही इतके लांब ठेवायचे. आणि किती वाजले ते बघायचं नाही. ‘आता साडेअकरा, म्हणजे अडीच तास उरले’ ही वजाबाकी जागं ठेवते. डोळे मिटून पडून राहणं पुरेसं आहे, हे आधीच मान्य केलेलं असलं की वजाबाकी सुरू होत नाही.

हिशोब

वेळेची भीती कागदावर उतरवली की बरीचशी निघून जाते. एका अंतराच्या वेळेवरून दुसऱ्या अंतराची वेळ काढायच्या पीट रीगल यांच्या सूत्रात अंतर दुप्पट झालं की वेळ २ च्या १.०६ घाताने गुणायची, म्हणजे साधारण २.०८५ पट. २:१० च्या अर्धमॅरेथॉनवरून ४:३१ निघतात. पहिल्यांदा धावणाऱ्यांना प्रत्यक्षात सहसा याहून जास्त वेळ लागतो. शिवाय बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर. जानेवारीची कोरडी, गार पहाट सोडून मुंबईच्या दमट हवेत उतरायचं, आणि आठनंतर उन्हात संपवायचं. दोन दिवसांत त्या हवेची सवय होत नाही. म्हणून तीन लक्ष्यं लिहिली: सगळं जुळलं तर ४:४५ (किलोमीटरला ६:४५), नेहमीसारखं गेलं तर ५:००, आणि काहीही झालं तरी स्वतःच्या पायांनी शेवटची रेषा. आयोजकांनी जाहीर केलेल्या प्रत्येक कट-ऑफसमोर ५:०० च्या हिशोबाने आपण तिथं किती मिनिटं आधी पोचतो, ते लिहिलं. एकाही ठिकाणी ती फट काळजी करण्याइतकी लहान नव्हती. कट-ऑफची नोंद वहीत पुन्हा आली नाही.

पहिले ५ किलोमीटर ७:०० ने, हा सगळ्यांत अवघड नियम. त्यात सव्वा मिनिट जातं, बस्स. अ‍ॅड्रिनॅलिनमुळे सुरुवातीला प्रत्येक वेग हलका वाटतो, म्हणून त्या वेळी अंगाचं ऐकायचं नसतं. एरवी सगळीकडं ‘शरीराचं ऐका’ सांगतात, पण पहिल्या पाच किलोमीटरमध्ये शरीर खोटं बोलतं.

लोक

मंडळाला सांगितलं: फ्लेक्स लावा, पण शर्यत झाल्यावर. थोडी नाराजी झाली, पण सोमवारचा फ्लेक्स रविवारच्या पायांवर बसत नाही. ग्रुपवर एकच संदेश टाकला: ‘पहिली मॅरेथॉन आहे, पूर्ण करायची एवढंच ठरवलंय, रविवारी दुपारी मीच कळवते.’ गुरुवारपासून ग्रुप म्यूट. अ‍ॅपवरून लाइव्ह ट्रॅकिंग फक्त नवऱ्याकडे, बाकीच्यांनी त्यांना विचारायचं. संक्रांतीनंतरची हळदीकुंकवं पुढच्या आठवड्यावर ढकलली. रथसप्तमीपर्यंत चालतात, कुणाचं काही अडत नाही.

टेपर, म्हणजे शर्यतीआधी धावणं कमी करण्याचा काळ, सुरू झाल्यावर लोकांचा एक वेगळाच उपद्रव होतो. दोन आठवडे धावणं ४० ते ६० टक्क्यांनी कमी करायचं, वेग तोच ठेवायचा. इतर विचारतात, “काय हो, सोडलात काय धावणं?” आणि शंका आत उतरते. त्यातच पोटरीत, टाचेत नवी दुखणी उगवतात. त्यातली बरीचशी रोजच्या गोंगाटात न ऐकू येणारी कुरकुर असते. कसोटी सोपी: लंगडावं लागतंय का, बोट ठेवल्यावर एकाच बिंदूवर दुखतंय का, सकाळी वाढतंय का? तिन्हींना ‘नाही’ असेल तर दुर्लक्ष. बाईंना बुधवारी ‘खात्री करायला’ १० किलोमीटर धावायचे होते. त्याऐवजी २० मिनिटं हलकं आणि शेवटी ८० मीटरचे चार वेगवान तुकडे दिले. खात्री पायांची हवी होती, दमण्याची नव्हे.

श्वास आणि बोलणं

एवढं बाजूला काढल्यावर जी धास्ती उरली, ती खरी शर्यतीची. तिच्यासाठी दोन साधनं.

श्वास: ४ आकडे आत, ६ आकडे बाहेर, मिनिटाला सहा, रोज ५ मिनिटं. परिणाम उच्छ्वासात आहे, कारण श्वास सोडताना व्हेगस मज्जातंतूमार्फत हृदय मंदावतं. पहिल्या आठवड्यात बाईंनी नेमकं उलटं केलं. छाती भरभरून, जोरजोरात श्वास घेतले. दोन मिनिटांत बोटांना मुंग्या आणि गरगर. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि धास्तीच वाढल्यासारखी वाटते. श्वास लहान, नाकाने, पोटातून, आणि सोडणं लांब. ज्यांना भस्त्रिका किंवा कपालभातीची सवय आहे त्यांनी शर्यतीच्या सकाळी ती करू नये, तिचं काम वेगळं आहे. गर्दीत उभं असताना डोळे मिटून आकडे मोजता येत नाहीत, म्हणून तिथं छोटा उपाय: नाकाने एक श्वास, त्यावरच आणखी एक छोटा, मग तोंडाने लांब सोडणं, दोन-तीन वेळा.

दुसरं साधन बोलण्याचं. ‘शांत हो’ असं धडधडत्या अंगाला सांगणं म्हणजे त्याच्याशी भांडण. २०१४ साली संशोधक अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत गाणं, भाषण, गणित यांआधी ‘मी उत्साहात आहे’ म्हणणाऱ्यांचं काम बरं झालं. ते प्रयोग धावण्याचे नव्हते, हे ध्यानात ठेवून वापरायचं. बाईंनी आपलं वाक्य स्वतः घडवलं: “धडधडतंय ते धडधडू दे, अंग तापलंय, तयार आहे.” घरातल्या बोलीत आलेलं वाक्य तोंडात बसतं. पुस्तकी वाक्य त्या वेळी आठवतच नाही. (या विषयावर लिहिताना सगळे जण १९०८ चा यर्क्स-डॉडसनचा उलटा यू, म्हणजे ताण वाढला की काम आधी सुधारतं आणि मग बिघडतं असा आलेख, काढून दाखवतात. तो उंदरांना विजेचे धक्के देऊन निघालेला आहे. पहाटे साडेचारला त्याचा फारसा उपयोग नाही.)

शिवाय एका कार्डावर ‘असं झालं तर असं’ अशा पाच ओळी, प्लास्टिकमध्ये घालून कमरपट्ट्यात. घड्याळाने विचित्र वेग दाखवला, तर किलोमीटरच्या फलकापाशी वेळ बघायची. बरगडीखाली कळ आली, तर वेग कमी करून डावा पाय पडताना श्वास सोडायचा. शौचाला लागलं, तर पहिल्या शौचालयाला थांबायचं, तीन मिनिटं गेलेली चालतील. चढ लागला, तर एक मिनिट चालायचं. ‘सोडून देऊ’ असं वाटलं, तर पुढच्या पाण्याच्या टेबलापर्यंत निर्णय पुढं ढकलायचा.

रंगीत तालीम

रविवारच्या लाँग रनपैकी तीन खऱ्या पहाटेसारखे केले: दोनला उठणं, तोच नाश्ता, तेच कपडे, पावणेचारला घराबाहेर, आणि मग पाचपर्यंत नुसतं उभं राहणं. हे उभं राहणंच लोक गाळतात. तालमीत उठल्यावर थेट धावणं असतं, शर्यतीत मात्र तासभर गर्दीत काही न करता थांबावं लागतं, आणि धास्ती तिथंच शिजते. पहिल्या तालमीत बाईंचा आकडा उभं असताना ३ वरून ६ वर गेला. समोर शर्यतही नव्हती. तिसऱ्या वेळी ४ च्या वर गेला नाही.

वडगाव ते येळ्ळूर, राजहंसगडाचा पायथा आणि परत, हा रस्ता यासाठी बरा. पण जानेवारी म्हणजे ऊसतोडीचा हंगाम, आणि अंधारात मागचा दिवा नसलेल्या दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर कुठल्याही रस्त्यावर भेटतात. चकाकणारं जाकीट, डोक्यावर दिवा, समोरून वाहनं येतात ती बाजू, आणि सोबतीला निदान एक माणूस. कुत्र्यांच्या गल्ल्या टाळाव्यात. धास्ती कमी करायला निघून नवी पदरात घेऊ नये.

प्रत्यक्षात

शनिवारी रात्री झोप जेमतेम दोन तास. दोनला उठणं, नाश्ता, शौच एकदा. पावणेचारला मैदानाजवळ. फिरत्या शौचालयांची रांग पंचवीस मिनिटं. ती धरली होती म्हणून घाई नव्हती. पावणेपाचला होल्डिंग एरियात, म्हणजे सुरुवातीआधी थांबायच्या जागी, जुना स्वेटर अंगावर. तिथं धास्तीचा आकडा ८.

पावसाळ्यातल्या त्या बिघडलेल्या शर्यतीच्या सुरुवातीला आकडा किती होता, असं बाईंना आठवून लिहायला लावलं होतं. तिथंही ८ च होता.

पहिल्या किलोमीटरला घड्याळाने ५:४० दाखवलं. उंच इमारतींमध्ये जीपीएसचा वेग असाच उड्या मारतो. पाठोपाठ हृदयाचा आकडा १७२. मनगटावरचा सेन्सर सैल पट्ट्यात कधी नाडीऐवजी पावलांची लय पकडतो, आणि बाईंची पावलं मिनिटाला १७० च्या घरात पडतात. दोन्ही आकडे एकदम आल्यावर छातीत धस्स झालं. कार्डावरची पहिली ओळ. दोन किलोमीटरच्या फलकाला १४ मिनिटं १० सेकंद, म्हणजे सगळं ठीक. चौथ्या किलोमीटरला आकडा ३ वर उतरला आणि नंतर त्याने त्रास दिला नाही. त्रास दिला तो उन्हाने. सी लिंक मागं टाकेपर्यंत सगळं हिशोबात होतं, अर्धं अंतर २:२५ ला. पेडर रोडच्या चढावर एकऐवजी तीन मिनिटं चालणं झालं. शेवट ४:५८. पोट पूर्ण वेळ गप्प.

पुढच्या वेळेसाठी तीन दुरुस्त्या लिहिल्या आहेत. घड्याळाच्या स्क्रीनवरून हृदयाचा वेग काढून टाकायचा. काही बरं-वाईट वाटलंच तर नाडी थांबून बोटाने मोजायची. कट-ऑफचा तक्ता नवऱ्याच्या फोनवरही ठेवायचा, म्हणजे ट्रॅकिंग मध्येच थांबलं की तिकडं घरात घालमेल होत नाही. यंदा ती झाली. आणि झोप: आठला आडवं होणं हे अंगाला सवय नसताना एका रात्रीत जमत नाही. दहा दिवस आधीपासून रोज १५ मिनिटं लवकर झोपायचं आणि तितकंच लवकर उठायचं, म्हणजे साडेदहाची वेळ हळूहळू आठच्या जवळ येईल. शाळेच्या तपासायच्या वह्या त्या दहा दिवसांत पहाटेकडं सरकवाव्या लागतील.